चालू वहीची झेरॉक्स आणि जिम ग्रे

डीबीएमएसच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो : ॲसिड गुणधर्म लिहा. आपण ॲटॉमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरॅबिलिटी ही चार नावं पाठ करून जातो, पानभर उत्तर लिहितो आणि हॉल तिकिटाबरोबर तेही कुठंतरी टाकून देतो. या चार शब्दांमागे एका माणसाचं आयुष्यभराचं काम उभं आहे, हे मात्र वर्गात सहसा कुणी सांगत नाही. त्या माणसाचं नाव जिम ग्रे.

ग्रे यांच्या चरित्रात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण मी आज ते एकाच प्रश्नाचा हात धरून सांगणार आहे. प्रश्न असा : एखाद्या वहीत दहा जण सतत लिहीत आहेत, त्यांना क्षणभरही थांबवायचं नाही, आणि तरीही त्या वहीची विश्वासानं वापरता येईल अशी नक्कल काढायची आहे. कशी काढायची? वाचताना सोपा वाटणारा हा प्रश्न मोठा चिवट आहे. बँक, रेल्वे, दवाखाना, आपल्या कॉलेजचं परीक्षा खातं, सगळ्यांचा जीव याच प्रश्नात अडकलेला असतो.

जिम ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथं झाला. आपल्याकडं ज्या तारखेला युवा दिन साजरा होतो तीच ही तारीख. वडील लष्करात होते आणि आई शिक्षिका. वडिलांच्या नोकरीमुळं जिमची पहिली तीन वर्षं इटलीत रोमला गेली, त्यामुळं तो इंग्रजीच्या आधी इटालियन बोलायला शिकला. पुढं कुटुंब व्हर्जिनियात आलं. आईवडील विभक्त झाले आणि आई मुलांना घेऊन पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला आली. वडिलांना खटपटीची आवड होती. टाइपरायटरच्या रिबनसाठी त्यांनी एक काडतुसासारखी डबी तयार करून तिचं पेटंट घेतलं होतं आणि त्याचे पैसेही त्यांना बरे मिळत. खटपटीचं वेड मुलाकडं तिथूनच आलं असावं असं मला वाटतं.

१९६१ साली जिम बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवात काही फार चमकदार नव्हती. रसायनशास्त्रात मार्क इतके कमी पडले, की वैतागून त्यांनी सहा महिने कॉलेज सोडलं आणि नोकरी धरली. नोकरीचा अनुभव त्याहून वाईट निघाला, तेव्हा परत आले! एटीकेटी लागली की आयुष्य संपलं असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. कारण याच मुलानं १९६६ साली पदवी घेतली, काही काळ बेल लॅबमध्ये काम केलं, आणि १९६९ साली बर्कलीमधून पीएच.डी. मिळवली. संगणकशास्त्रातली त्या विद्यापीठाची ती पहिलीच पीएच.डी. होती.

त्यानंतर ते आयबीएममध्ये गेले. सॅन होजेच्या प्रयोगशाळेत तेव्हा मोठी घुसळण चालू होती. तिथल्याच एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं होतं. कागदावर ते सुंदर होतं, पण खऱ्या मशीनवर, खऱ्या वेगानं चालेल का, याबद्दल जाणकारांनाही शंका होती. ते करून दाखवण्यासाठी जो प्रकल्प उभा राहिला त्याचं नाव सिस्टिम आर. आज आपण प्रॅक्टिकलला जी एसक्यूएल लिहितो तिचा जन्म याच प्रकल्पातला. ग्रे यांच्या वाट्याला मात्र भाषा आली नाही. त्यांच्याकडं आले दोन रुक्ष वाटणारे प्रश्न. एकाच वेळी अनेक जण डेटाला हात लावत असतील तर गोंधळ कसा टाळायचा? आणि मधेच मशीन बंद पडलं तर काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुलुपांत होतं. पण कुलूप कशाला लावायचं? अख्ख्या टेबलाला लावलं तर सगळे खोळंबतात. एकेका ओळीला लावलं तर लाखो कुलुपं सांभाळत बसावं लागतं. १९७६ साली ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लहान-मोठी दोन्ही कुलुपं एकाच व्यवस्थेत नांदू शकतात. आत एखाद्या ओळीला कुलूप लावायचं असेल तर आधी बाहेरच्या टेबलावर तशी खूण करायची. म्हणजे अख्खं टेबल हवं असणाऱ्याला दारातच कळतं, की आत कुणीतरी आहे. एखाद्या ओळीसाठी ज्यांना लॉक घ्यावं लागतं त्या डेटाबेसमध्ये ही युक्ती आजही कुठं ना कुठं भेटते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. नक्कल काढायची तर सगळ्यात सोपा मार्ग कोणता? संपूर्ण डेटाबेसला एक मोठं कुलूप ठोकायचं, सगळ्यांना थांबवायचं, आणि निवांत टेपवर उतरवून घ्यायचं. पूर्वी तेच करत. संध्याकाळी बँकेचं दार बंद झालं की रात्रभर वेळच वेळ. पण एटीएम आलं, विमानाची बुकिंग देशोदेशींहून होऊ लागली, आणि रात्र नावाची गोष्टच उरली नाही. एका गावी मध्यरात्र असते तेव्हा दुसऱ्या गावी बाजार भरलेला असतो. वही सतत उघडीच!

मग न थांबवता नक्कल काढली तर काय बिघडतं? इथं मी मेसचं उदाहरण घेते, म्हणजे चटकन कळेल. समजा, मेसच्या खातेवहीची तीनशे पानं आहेत, दर विद्यार्थ्याला एक पान. झेरॉक्सवाला पहिल्या पानापासून सुरुवात करतो. तो दीडशेव्या पानावर असताना मेसचे क्लार्क विसाव्या पानावरच्या मुलाचे ५०० रुपये कमी करून अडीचशेव्या पानावरच्या मुलाच्या नावे जमा करतात. विसावं पान तर आधीच झेरॉक्स होऊन गेलंय, म्हणजे तिथं जुनी रक्कम तशीच आहे. अडीचशेवं पान अजून व्हायचंय, तिथं नवी रक्कम उतरणार. झेरॉक्समध्ये तेच ५०० रुपये दोन ठिकाणी दिसतील! व्यवहार उलट्या दिशेनं झाला असता तर ५०० रुपये दोन्हीकडून गायब झाले असते. यात गंमत म्हणजे झेरॉक्सचं एकही पान खोटं नाही. प्रत्येक पान त्या-त्या क्षणी खरंच तसं होतं. पण सगळी पानं मिळून जी वही होते, तशी वही जगात कधीच, एका क्षणासाठीही, अस्तित्वात नव्हती.

याहून वाईट म्हणजे, क्लार्क पान लिहीत असतानाच झेरॉक्स निघाली, तर पानाचा वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा जुना अशी फाटकी नक्कल हाती येते. चालू डेटाबेसचं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केलं की नेमकं हेच होतं. कॉपी पूर्ण होते, फाइलचा आकारही बरोबर दिसतो, एरर एकही येत नाही. म्हणूनच हा प्रकार घातक आहे.

यावरचा उपाय आपल्या आजोबा-पणजोबांच्या दुकानात होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. जुन्या हिशेबात दोन वह्या असत : रोजकीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे जे घडेल ते घडलेल्या क्रमानं आधी रोजकीर्दीत. मग तिथून ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत. खतावणी फाटली, भिजली, तरी जुनी खतावणी आणि तेव्हापासूनची रोजकीर्द हाती असेल तर सगळं पुन्हा उभं करता येतं. रोजकीर्द गेली तर मात्र संपलं.

ग्रे यांनी हीच शिस्त संगणकाला लावली. संगणकात रोजकीर्दीला लॉग म्हणतात. १९७८ साली डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिम या विषयावरचं त्यांचं लांबलचक टिपण प्रसिद्ध झालं. वर्षानुवर्षं ते हातोहात फिरत राहिलं. त्यात एक नियम स्वच्छ मांडलेला आहे : बदल मूळ डेटाच्या पानावर डिस्कवर जाण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये डिस्कवर पोचली पाहिजे. आधी कीर्द, मग खतावणी. यालाच आपण राइट अहेड लॉगिंग म्हणून पाठ करतो.

एकदा हा नियम पाळला की चालू वहीच्या झेरॉक्सचं भूत उतरतं. झेरॉक्स सुरू करताना रोजकीर्दीतला नोंद क्रमांक टिपून ठेवायचा. समजा ४,०००. मग बिनधास्त झेरॉक्स काढायची, क्लार्कना लिहू द्यायचं. संपली तेव्हाचा क्रमांक टिपायचा, समजा ४,६००. ही झेरॉक्स नुसती असताना कचरा आहे. पण तिच्यासोबत ४,००० पासून ४,६०० पर्यंतची रोजकीर्द ठेवली, की ती सोनं होते. प्रत्येक पानावर त्या पानात उतरलेल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहिलेला असतो. आता एकेक नोंद वाचत जायचं. पानावरचा क्रमांक नोंदीपेक्षा लहान असेल तर ती नोंद पानावर चढवायची. मोठा किंवा तेवढाच असेल तर ती आधीच उतरली आहे, पुढं चला. ४,६०० ला पोचलो की सगळी पानं एका क्षणाला आणून उभी राहतात. त्या क्षणी जे व्यवहार अर्धवट असतील ते लॉग बघूनच मागं फिरवायचे. त्यासाठी, झेरॉक्स सुरू होताना जे व्यवहार चालू होते त्यांच्या पहिल्या नोंदीपर्यंत मागची रोजकीर्दही जपावी लागते. आणि ४,६०० च्या आधीच थांबलो तर वही परत बिघडलेलीच, हेही विसरायचं नाही.

अशा नकलेला फझी डम्प म्हणतात, म्हणजे धूसर नक्कल. मला या कल्पनेत सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की तिनं नक्कल स्वच्छ असावी हा हट्टच सोडून दिला. नक्कल धूसर असू दे, तिच्यासोबतची नोंद चोख हवी. ही कल्पना ग्रे यांच्या एकट्याची नव्हे, त्या पिढीतल्या अनेकांनी तिला हात लावला. पण तिच्यामागचं सगळं शास्त्र, म्हणजे व्यवहार म्हणजे काय, तो पुरा झाला असं केव्हा म्हणायचं, नोंद आधी का, हे एका जागी बसवून दिलं ते ग्रे यांनी.

आणि हे सगळं त्यांना पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. सिस्टिम आरमध्ये त्यांनी लॉगच्या जोडीला दुसरीच पद्धत वापरली होती : पान बदलायचं झालं की नवं पान दुसऱ्या जागी लिहायचं आणि जुनं पान सावलीसारखं मागं ठेवायचं. प्रकल्प संपल्यावर १९८१ साली ग्रे आणि सहकाऱ्यांनी त्यावर निबंध लिहिला. मोठ्या, अनेकांच्या वापरातल्या फाइलींसाठी सावलीची पद्धत महाग पडली, निव्वळ लॉगवर चालण्याची सोय ठेवायला हवी होती, असं त्यांनी त्यात उघडपणे लिहून ठेवलंय. स्वतःच्याच गाजलेल्या सिस्टिमबद्दल इतकं सरळ लिहायला धैर्य लागतं. आपण तर प्रोजेक्ट रिपोर्टात मर्यादा या मथळ्याखाली दोन ओळी लिहितानाही अंग चोरतो.

१९८० साली ग्रे आयबीएम सोडून टॅन्डेम कंपनीत गेले. कधीही बंद न पडणारी मशीन बनवणं हाच टॅन्डेमचा धंदा. बँका आणि शेअर बाजार तिचे गिऱ्हाईक. प्रत्येक गोष्ट जोडीनं : दोन प्रोसेसर, दोन डिस्क. एक गेलं की दुसरं लगेच पुढं. इथं ग्रे यांनी एक साधंच पण कुणी न केलेलं काम केलं. गिऱ्हाइकांकडची मशीन प्रत्यक्षात कशामुळं बंद पडतात याचे सात महिन्यांचे अहवाल त्यांनी बसून तपासले आणि १९८५ साली निष्कर्ष मांडले. सगळ्यांना वाटत होतं की दोष यंत्राचा. आकडे वेगळंच बोलत होते. यंत्रातल्या बिघाडाचा वाटा १८ टक्के, सॉफ्टवेअरचा २५ टक्के, आणि मशीन चालवणाऱ्या, सांभाळणाऱ्या माणसांच्या चुकांचा वाटा तब्बल ४२ टक्के!

या आकड्यांचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं. डिस्क जळाली तर दुसरी वाचवेल, हे खरं. पण कुणी चुकून टेबल पुसलं तर ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी तितक्याच इमानदारीनं पुसलं जाईल. जोडीची डिस्क आज्ञाधारक असते, शहाणी नसते. माणसाच्या चुकीपासून वाचवते ती जुनी नक्कल आणि तिच्यानंतरचा लॉग. कारण लॉग चढवत येताना चुकीच्या आधीच्या क्षणाला थांबता येतं.

याचा दाखला म्हणून अलीकडची एक घटना सांगते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरकडून कामाच्या गडबडीत चालू डेटाबेसचं फोल्डर भलत्याच सर्व्हरवर पुसलं गेलं. बॅकअपच्या वेगवेगळ्या पाच सोयी होत्या, पण वेळेला एकही धड कामी येईना. रोजचा बॅकअप काढणारा प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनचा होता. तो रोज गुपचूप नापास होत होता आणि तसं कळवणारे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी, घटनेच्या सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीवरून डेटा परत आणला. मधले सहा तास गेले ते गेलेच. कंपनीनं हे सगळं जगजाहीर केलं म्हणून आपल्याला कळलं. ग्रे यांचा अहवाल त्याआधी ३२ वर्षं लिहून ठेवलेला होता.

१९९० ते १९९४ ग्रे डेक कंपनीत होते. याच काळात आंद्रेआस रॉयटर या जर्मन प्राध्यापकांबरोबर लिहिलेला त्यांचा ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंगवरचा ग्रंथ १९९३ साली बाहेर आला. हजारावर पानांचं हे पुस्तक. आपल्या लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकांना घाबरणाऱ्यांनी निदान सुरुवात तरी वाचावी. लिहिण्याची कला माणसानं काढली तीच मुळी व्यवहारांची नोंद ठेवायला, सहा हजार वर्षांपूर्वी सुमेरियन लोकांनी मातीच्या पाट्यांवर, अशी त्यांची सुरुवात आहे. ॲसिड हा शब्दही रॉयटर यांनी थिओ हॅर्डर यांच्यासह १९८३ साली बनवला, पण त्यातला ऐवज बराचसा ग्रे यांचा. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, लॉगवरून डेटाबेस परत उभा करण्याची आज सर्वांत प्रसिद्ध असलेली एरीज ही पद्धत मांडणाऱ्या १९९२ च्या निबंधाचे पहिले लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी.

आज आपण प्रोजेक्टला जे डेटाबेस वापरतो त्या प्रत्येकात हा विचार आहे. पोस्टग्रेस तर ग्रे यांच्या वाटेनंच जातो : फाइली चालू असताना कॉपी होतात, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा लॉग सोबत जपला जातो. २००५ साली आलेल्या ८.० व्हर्जनपासून त्यात हव्या त्या क्षणापर्यंत मागं जाता येतं. फाटक्या पानाचा बंदोबस्त म्हणून बॅकअप चालू असताना बदललेलं पान पहिल्यांदा अख्खंच्या अख्खं लॉगमध्ये लिहिलं जातं. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी टेबलं असतील, तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये डम्प काढण्याचा पर्याय आहे. मग डम्पला सुरुवातीच्या क्षणाचंच चित्र दिसत राहतं आणि लिहिणारे लिहीत राहतात. फक्त त्या वेळात टेबलाची रचना बदलायची नाही. मोबाइल ॲपमध्ये सर्रास असणाऱ्या एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय आहे. ती चालू असताना दुसऱ्या एखाद्या प्रोसेसनं डेटा बदलला तर ती नक्कल पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करते. वेळ जातो, पण खोटी वही हाती देत नाही. तिथं लॉगची फाइल वेगळी असेल आणि तुम्ही नुसती मुख्य फाइल उचलली, तर अगदी ताजे व्यवहार मागंच राहतील, हेही ध्यानात ठेवा.

१९९५ साली ग्रे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, पण राहिले सॅन फ्रान्सिस्कोतच. तिथं त्यांनी प्रचंड मोठ्या डेटाबेसचा ध्यास घेतला. १९९८ साली टेरासर्व्हर सुरू झालं. उपग्रहातून आणि विमानातून घेतलेली जमिनीची चित्रं कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येऊ लागली. मग खगोलशास्त्रज्ञ ॲलेक्स झलाय यांच्याबरोबर त्यांनी आकाशाचा डेटाबेस उभा केला, स्कायसर्व्हर. तोही २००१ पासून सगळ्यांना खुला. एवढा डेटा नेटवरून पाठवायला फार वेळ आणि पैसा लागे, म्हणून ते डिस्क भरलेले अख्खे संगणकच कुरिअरनं पाठवत. होस्टेलमध्ये हार्ड डिस्क खोल्या-खोल्यांतून फिरते, त्याला केवढी मोठी परंपरा आहे बघा!

१९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च सन्मान. त्या निमित्तानं दिलेल्या व्याख्यानात त्यांनी पुढच्या पिढीसाठी डझनभर आव्हानं ठेवली. त्यातलं एक : शंभर वर्षांत एका सेकंदाहूनही कमी वेळ बंद राहील अशी सिस्टिम बनवा. ते अजून कुणाला जमलेलं नाही. इच्छुकांनी मेगा प्रोजेक्टसाठी विचार करावा!

त्यांच्या स्वभावाबद्दल सहकारी एकमुखानं सांगत आले, की माणूस फार मोकळा. अनोळखी विद्यार्थ्याच्या मेललाही उत्तर, नवख्याचा निबंध वाचून सविस्तर सूचना, आणि श्रेय वाटताना हात सैल.

रविवार, २८ जानेवारी २००७. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ग्रे आपली चाळीस फुटी शिडाची बोट घेऊन एकटेच समुद्रात गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला असलेल्या फॅरलॉन बेटांजवळ आईच्या अस्थी विसर्जित करायच्या होत्या. हवा स्वच्छ होती. बोट चालवण्यात ते मुरलेले होते. ते परत आले नाहीत. मदतीचा संदेश नाही, बोटीचा तुकडा नाही, काहीच नाही. तटरक्षक दलानं चार दिवस शोध घेतला. मग मित्रांनी उपग्रहाची ताजी चित्रं मिळवली, त्यांचे पाच लाखांहून जास्त तुकडे केले आणि ते इंटरनेटवर ठेवले. हजारो स्वयंसेवकांनी एकेक तुकडा डोळ्यांखालून घातला. जमिनीची चित्रं ज्यांनी लोकांपुढं ठेवली त्यांनाच लोक समुद्राच्या चित्रांत शोधत होते. समुद्राचा तळही धुंडाळला गेला. मे २००७ अखेर शोध थांबला. पाच वर्षांनी, २०१२ साली, न्यायालयानं त्यांना मृत घोषित केलं.

या शेवटावर पुष्कळांनी लिहिलंय, की काहीही हरवू नये म्हणून झटणारा माणूस स्वतःच हरवला. मला त्यापेक्षा वेगळं काही जाणवतं. समुद्राला लॉग नसतो. माणसाचाही बॅकअप निघत नाही. जे नोंदवून ठेवता येतं तेवढंच परत उभं करता येतं. ग्रे यांनी आपल्याला जे समजलं ते निबंधांत, टिपणांत, हजार पानांच्या ग्रंथात आणि विद्यार्थ्यांच्या मेलमध्ये लिहून ठेवलं होतं, चुकांसकट. म्हणून ते गेल्यावरही काम अडलं नाही.

तेव्हा मंडळी, ॲसिडचा प्रश्न सोडवताना या माणसाची आठवण ठेवा. आणि प्रोजेक्ट सबमिशनच्या आधी तीन गोष्टी कराच. चालू डेटाबेसचं फोल्डर सरळ कॉपी करू नका, त्या डेटाबेसनं दिलेला मार्ग वापरा. लॉग फालतू म्हणून पुसू नका, तीच तुमची रोजकीर्द आहे. आणि काढलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर एकदा तरी उघडून बघा. तो उघडेपर्यंत तुमच्याकडं बॅकअप आहे असं समजू नका. रेक्टर साहेबांना आणि ऑफिसातल्या मंडळींनाही हीच विनंती, कारण आमच्या फीच्या आणि मार्कांच्या वह्या तुमच्याकडं आहेत!